गुरांच्या डॉक्टरीणबाई : अलीन कस्ट

आपल्या मंडळाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त स्मरणिका काढायची आणि प्रत्येक जुन्या सभासद भगिनीने तीत काहीतरी लिहायचे, असे बैठकीत ठरले, तेव्हा मी मनातून चरकलेच. हळदीकुंकवाचा हिशेब लिहिणे निराळे आणि लेख लिहिणे निराळे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण अध्यक्षबाईंनी पाठ सोडली नाही. कोणा थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, तुमच्या शब्दांत लिहा, असा त्यांचा आग्रह पडला. थोर व्यक्ती म्हटल्या की आपल्या सर्वांच्या ओठी जी नावे येतात, त्यांच्याविषयी इतर भगिनी माझ्यापेक्षा चांगले लिहितील. म्हणून मी जरा दूरच्या बाईंची गोष्ट सांगणार आहे. त्यांचे नाव अलीन कस्ट. त्या गुरांच्या डॉक्टर होत्या. हे नाव तुमच्यापैकी फार थोड्यांनी ऐकले असेल; परंतु पशुवैद्यकी शिकणाऱ्या मुलींना ते चांगले ठाऊक असते. मलाही ते माझ्या पुतणीकडून कळले. ती मुंबईला परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकते. दिवाळीच्या सुट्टीत ती आली, की आम्ही दोघी गोठ्यात बसून बोलत असतो. तिने या बाईंची हकीकत सांगायला सुरुवात केली आणि माझे हातातले काम थांबले.

गोठ्याशी माझा संबंध जुना आहे. माहेरी गुरे होती, सासरीही आहेत. आपल्या वस्तीत ज्यांच्याकडे गाई-म्हशी आहेत, त्यांना ठाऊक आहे की एखादी गाय अडली, वासरू आडवे आले किंवा वार पडली नाही, की डॉक्टर येईपर्यंत मला हाक मारतात. हे मी शिकून आलेले नाही. वडिलांच्या शेजारी कंदील धरून उभी राहत असे, त्यात जे डोळ्यांनी पाहिले तेच. पण हाताला येते ते आणि कागदावर असते ते, यांत फार अंतर असते. त्या अंतराविषयीच ही गोष्ट आहे, म्हणून मला ती सांगावीशी वाटली.

अलीन कस्ट यांचा जन्म ७ फेब्रुवारी १८६८ रोजी आयर्लंडमधील टिपरेरी परगण्यात, कॉर्डँगन नावाच्या वाड्यात झाला. त्या काळी आयर्लंड इंग्रजांच्या राज्यात होते. वडील सर लिओपोल्ड कस्ट हे सरदार घराण्यातले. मोठ्या जमीनदारीची व्यवस्था पाहण्याचे काम त्यांच्याकडे होते. घरात नोकरचाकर, तबेल्यात घोडे, दारात कुत्री, सभोवती हिरवी कुरणे. अशा घरातल्या मुलीने काय करायचे, ते ठरलेले असे. पियानो वाजवायचा, भरतकाम करायचे, घोड्यावर बसायला शिकायचे आणि योग्य वेळी योग्य घरी लग्न करून जायचे. अलीन घोड्यावर बसायला शिकली, पण तिचे लक्ष खोगिरापेक्षा घोड्याच्या पायाकडे जास्त. मोठेपणी कोण होणार, असे कोणी विचारले, की ती गुरांची डॉक्टर होणार असे सांगे. लहान मुले असे काहीबाही बोलतातच, म्हणून मोठी माणसे हसून सोडून देत.

अलीन दहा वर्षांची असताना, १८७८ साली, वडील वारले. कुटुंब आयर्लंड सोडून इंग्लंडला गेले. आई पुढे व्हिक्टोरिया राणीच्या पदरी मानाच्या सेवेत दाखल झाल्या. एक भाऊ नौदलात गेला, तो तर पुढे पाचवे जॉर्ज बादशहा झाले त्यांचा जवळचा मित्र आणि मानकरी झाला. म्हणजे घराण्याची ऊठबस थेट राजवाड्यात. अशा घरातल्या मुलीच्या पायात किती बेड्या असतील, याची कल्पना करा. गरिबाच्या मुलीला पैसा अडवतो, मोठ्या घरच्या मुलीला घराण्याचे नाव अडवते. अडणे दोघींनाही आहेच.

वय वाढले तशी अलीनने काहीतरी काम करायचे ठरवले. त्या वेळी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या कार्यामुळे परिचारिकेच्या कामाला इंग्लंडात मान मिळाला होता. चांगल्या घरच्या मुली ते शिकू लागल्या होत्या. अलीन लंडनच्या एका मोठ्या इस्पितळात परिचारिकेचे शिक्षण घेऊ लागली. काम चांगले, सेवेचे, आणि घरच्यांनाही फारसे नाव ठेवता येणार नाही असे. दुसरी कोणी असती तर तिथेच स्थिरावली असती. पण माणसांच्या खाटांमधून फिरताना तिचे मन तबेल्यातच राहिले होते. थोड्याच काळात तिने ते शिक्षण सोडले. आपला जीव कशात आहे, हे तिला तिथे कायमचे कळले.

पंचविशी उलटलेली मुलगी हातातला मानाचा मार्ग सोडून पुन्हा पहिल्या पायरीवर उभी राहते, आणि ती पायरीही अशी, की जिच्यावर आजवर एकाही बाईने पाय ठेवलेला नाही! त्या काळचा पशुवैद्य म्हणजे मुख्यतः घोड्यांचा वैद्य. त्याचा सगळा वेळ तबेल्यात, नालबंदाच्या दुकानात, गुरांच्या बाजारात जायचा. वळू आणि घोडी, वेत आणि गाभ यांविषयी कुलीन बाईने बोलणेसुद्धा असभ्य समजले जाई. मेलेली जनावरे चिरून अभ्यास करायचा, तोही पुरुष विद्यार्थ्यांच्या मांडीला मांडी लावून. आई अतिशय रागावल्या. घरातून पाठिंबा मिळेना. वडिलांच्या पश्चात तिचा सांभाळ ज्यांच्याकडे होता, त्या पालकांच्या कुटुंबाने मात्र तिला आधार दिला. वडिलांच्या मागे वाट्याला आलेल्या थोड्याशा पैशावर तिने जमवून घ्यायचे ठरवले.

१८९४ साली, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, ती स्कॉटलंडमधील एडिंबरा शहरातल्या न्यू व्हेटरिनरी कॉलेजात दाखल झाली. कॉलेजचे संस्थापक व मुख्याध्यापक विल्यम विल्यम्स हे उदार मनाचे गृहस्थ. शिकण्याची तळमळ पाहून त्यांनी तिला प्रवेश दिला. घराण्याचे नाव चर्चेत येऊ नये म्हणून तिने कस्ट हे आडनाव बाजूला ठेवले आणि कस्टन्स या नावाने ती शिकू लागली.

इथे एक गोष्ट आठवते ती सांगते. त्याच १८९४ साली आपल्या मुंबईच्या डॉ. रखमाबाई विलायतेत वैद्यकीचे शिक्षण पुरे करून डॉक्टर झाल्या. त्याच्या आधी, १८८६ साली, आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या होत्या. म्हणजे माणसांच्या वैद्यकीचे दार बायकांनी कष्टाने का होईना, पण उघडले होते. जनावरांच्या वैद्यकीचे दार तसेच बंद होते. त्यावर पहिली थाप मारली ती अलीनने. आता ती विद्यार्थिनी झाली, कर्ती झाली, म्हणून यापुढे मी त्यांना अलीनबाई म्हणेन.

अलीनबाई अभ्यासात हुशार निघाल्या. प्राणिशास्त्रात त्यांना सुवर्णपदक मिळाले. सोबतची मुले वयाने लहान. पण बाई वर्गात बसल्या म्हणून आभाळ कोसळले नाही. खरी अडचण पुढे होती. कॉलेजात शिकवत असत, पण पशुवैद्य म्हणून मान्यता देणारी अखेरची सत्ता लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ व्हेटरिनरी सर्जन्स या संस्थेकडे होती. १८४४ साली राणीच्या सनदेने ती स्थापन झाली होती. त्यांनी परीक्षा घ्यायची, त्यांनीच नाव नोंदवायचे. १८८१ साली एक कायदा झाला होता, त्याप्रमाणे त्या नोंदवहीत ज्याचे नाव नाही, त्याने स्वतःला पशुवैद्य म्हणवून घेणे हा गुन्हा ठरला. जनावराला औषध देण्याला मनाई नव्हती, पण पशुवैद्य म्हणवून घ्यायला मनाई होती. काम कर, पण नाव लावू नकोस, असा तो प्रकार. आपल्या घरांतून बायकांच्या कामाचे पुष्कळदा असेच असते, म्हणून हा कायदा समजायला मला पुतणीने फार समजवावे लागले नाही.

१८९७ साली अलीनबाईंनी संस्थेच्या परीक्षेला बसण्याची परवानगी मागितली. संस्थेने नकार दिला. अभ्यासात उणे होते म्हणून नव्हे, फी भरली नाही म्हणून नव्हे, तर केवळ बाई म्हणून.

अलीनबाई गप्प बसल्या नाहीत. एडिंबराच्या वरिष्ठ न्यायालयात त्यांनी दाद मागितली. ज्या मुलीने घराण्याच्या अब्रूसाठी आपले आडनाव लपवले होते, तिने कोर्टाची पायरी चढायची, याला केवढे धैर्य लागले असेल! परंतु निकाल मोठा विचित्र लागला. बाईंना परीक्षेला बसू द्यावे की नाही, हा मूळ प्रश्न कोर्टाने हातीच घेतला नाही. ती संस्था लंडनची आहे, स्कॉटलंडच्या कोर्टाचा अधिकार तिच्यावर चालत नाही, एवढे सांगून प्रकरण संपले. आता दाद मागायची तर लंडनच्या कोर्टात. तिथे खर्च मोठा, आणि आई राणीच्या सेवेत. वर्तमानपत्रांत नाव गाजले असते, आईला मान खाली घालावी लागली असती. अलीनबाईंनी तो मार्ग धरला नाही. ज्या आईने साथ दिली नव्हती, तिलाही त्यांनी अडचणीत आणले नाही, असे मला त्यातून दिसते.

परीक्षा मिळणार नाही, हे कळल्यावर कॉलेज सोडून घरी जाता आले असते. पण अलीनबाई परत वर्गात जाऊन बसल्या. ज्या विद्येचा दाखला मिळणार नाही, ती विद्या त्यांनी शेवटपर्यंत पुरी केली. १९०० साली अभ्यास संपला. संस्थेचे प्रमाणपत्र नाहीच. हातात फक्त विल्यम्स गुरुजींनी दिलेले शिफारसपत्र, की या बाईंनी सर्व अभ्यास पूर्ण केला असून त्या कामास लायक आहेत.

हे पत्र घेऊन त्या आपल्या जन्मभूमीला, आयर्लंडला परत गेल्या. रॉसकॉमन परगण्यात अ‍ॅथलीग नावाचे खेडे आहे. सक नावाच्या नदीकाठचा हा भाग म्हणजे गाई, मेंढ्या आणि घोडे यांवर जगणाऱ्या लहान शेतकऱ्यांचा मुलूख. तिथे विल्यम बर्न नावाचे नोंदणीकृत पशुवैद्य होते. विल्यम्स गुरुजींच्या शिफारशीवरून त्यांनी अलीनबाईंना मदतनीस म्हणून घेतले. कॅसलस्ट्रेंज या ठिकाणी राहून त्या काम करू लागल्या.

पहिल्या दिवसांत तिथल्या शेतकऱ्यांना काय वाटले असेल, ते मी सांगायला नको. सरदार घराण्यातली, पायघोळ घागऱ्यातली बाई, गाईच्या पाठीमागे उभी राहून बाह्या वर सारते आहे! पण भगिनींनो, ज्याची गाय रात्री अडली आहे, त्याला समोरचा डॉक्टर बाई आहे की पुरुष, हे पाहण्याची शुद्ध नसते. गाय वाचते की नाही, एवढेच तो बघतो. गरिबाची गाय म्हणजे त्याच्या मुलांचे दूध, त्याचा खंड, त्याची वर्षाची बेगमी. अलीनबाई घोड्यावरून, कधी घोडागाडीतून, चिखलातून आणि पावसातून वाड्यावस्त्यांवर पोहोचत. आयर्लंडात पाऊस आपल्यासारखा चार महिन्यांचा नसतो, बारा महिने झिमझिमत असतो. अशा हवेत ओल्या गवतावर गुडघे टेकून त्यांनी वासरे सोडवली, मेंढ्या तपासल्या, लंगडणारे घोडे पायावर उभे केले.

मला माझ्या अनुभवावरून एक सांगता येईल. आडवे आलेले वासरू सोडवायला नुसती ताकद उपयोगी पडत नाही. ओढाओढ केली तर गाय आणि वासरू दोन्ही हातची जातात. कळ ओसरेपर्यंत थांबायचे, वासराला हलकेच आत सारायचे, दुमडलेला पाय चाचपून सरळ करायचा, आणि मग गाईच्या कळेबरोबर ओढायचे. हात जेवढा बारीक आणि मन जेवढे शांत, तेवढे काम सोपे. बायकांना हे काम जमणार नाही, असे ज्यांनी ठरवले, त्यांनी गोठ्यात रात्र काढली नसावी, असे मला नेहमी वाटते.

पाच वर्षांत अलीनबाईंचा लौकिक शेजारच्या गॉलवे परगण्यात पोहोचला. १९०५ साली तिथल्या परगणा समितीने जनावरांच्या रोगांवर देखरेख करणाऱ्या निरीक्षकाच्या जागेसाठी जाहिरात दिली. अलीनबाईंनी अर्ज केला आणि समितीने त्यांचीच निवड केली. आयर्लंड किंवा इंग्लंडात अशी सरकारी जागा बाईला मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. झाले! लंडनच्या संस्थेने हरकत घेतली. नोंदवहीत नाव नसताना ही नेमणूक कशी चालेल? पुन्हा निवड झाली, समितीने पुन्हा अलीनबाईंनाच मत दिले. जे सदस्य त्यांचे काम डोळ्यांनी पाहत होते, ते हलेनात, आणि जे लंडनला बसून कागद पाहत होते, तेही हलेनात. शेवटी तोड निघाली ती अशी, की बाईंनी काम तेच करावे, मात्र हुद्द्याचे नाव बदलावे. अलीनबाईंनी तेही मान्य केले. नावासाठी रुसून त्यांनी काम सोडले नाही.

१९१० साली बर्न साहेब अचानक वारले. आता तो सगळा व्यवसाय अलीनबाईंनी एकटीच्या बळावर सांभाळला. दारावर पशुवैद्य अशी पाटी लावता येत नव्हती, तरी लोक येत होते. लोकांनी मनात पाटी लावली होती.

पुढे १९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. त्या युद्धात तोफा ओढायला, दारूगोळा आणि धान्य वाहायला लाखो घोडे आणि खेचरे लागत. माणसांप्रमाणे तीही गोळ्यांनी जखमी होत, चिखलात रुतत, खरजेने आणि साथीच्या रोगांनी मरत. त्यांच्यासाठी फ्रान्समध्ये लष्कराने जनावरांची मोठमोठी इस्पितळे उभारली होती. पशुवैद्यांची गरज पदोपदी होती, पण बाईला लष्करात पशुवैद्याचा हुद्दा मिळणे शक्यच नव्हते. १९१५ साली अलीनबाईंनी आपला जम बसलेला व्यवसाय सोडला आणि एका सेवासंस्थेच्या स्वयंसेविका म्हणून, स्वतःची मोटार घेऊन त्या फ्रान्सला गेल्या. वय सत्तेचाळीस. अबव्हील शहराच्या आसपास त्यांनी जखमी घोड्यांच्या सेवेत काम केले. पुढे १९१८ साली त्या स्त्रियांच्या लष्करी साहाय्यक दलात दाखल झाल्या आणि जनावरांच्या इस्पितळाला जोडलेल्या प्रयोगशाळेत रोगजंतू तपासण्याचे काम त्यांनी केले.

युद्धाने पुष्कळ घरे उद्ध्वस्त केली, पण एक गोष्ट घडली. पुरुष आघाडीवर गेल्यामुळे बायकांनी कारखाने चालवले, गाड्या चालवल्या, शेते पिकवली. बायकांना हे जमत नाही, असे म्हणायला कोणाला तोंड उरले नाही. १९१९ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या पार्लमेंटने कायदा केला, की केवळ स्त्री आहे म्हणून कोणालाही व्यवसायातून वगळता येणार नाही. बावीस वर्षांपूर्वी जे दार अलीनबाईंच्या तोंडावर लागले होते, त्याची कडी आता कायद्याने काढली.

इथेच त्यांच्या चरित्रातला माझ्या मनात घर करून राहिलेला प्रसंग येतो. अलीनबाईंचे वय आता पन्नाशीच्या पुढे होते. प्रकृतीही पूर्वीसारखी राहिली नव्हती. आयुष्यभराचे काम होऊन गेले होते. ज्यांना त्यांचे मोल कळायचे होते, त्यांना ते कळले होते. आता तो कागद मिळून काय व्हायचे होते? कोणीही म्हटले असते, की राहू दे, आता या वयात परीक्षेला काय बसायचे! आपल्यापेक्षा निम्म्या वयाच्या मुलांच्या रांगेत उभे राहायचे, आणि ज्या संस्थेने नाकारले, तिच्याच परीक्षकांपुढे जाऊन उत्तरे द्यायची. मानी बाईला हे कमीपणाचे वाटले असते.

अलीनबाई गेल्या. १९२२ साली त्यांनी परीक्षेसाठी अर्ज केला. युद्धातील सेवा लक्षात घेऊन संस्थेने त्यांना फक्त अखेरची परीक्षा द्यायला सांगितले. ती त्या उत्तीर्ण झाल्या. २१ डिसेंबर १९२२ रोजी लंडनला त्यांना पशुवैद्याचे प्रमाणपत्र देण्यात आले. त्या संस्थेच्या नोंदवहीत नाव लागलेली ही पहिली स्त्री. वय वर्षे चोपन्न. पहिला नकार मिळाला त्याला पंचवीस वर्षे झाली होती. आपल्या मंडळाला आज जेवढी वर्षे झाली, तेवढी! आपण पहिल्या सभेला जमलो, तेव्हापासून आजपर्यंत एखादी भगिनी एकाच दारापुढे उभी आहे, असे मनात आणून पाहा, म्हणजे पंचवीस वर्षे किती असतात ते कळेल.

मी पुतणीला विचारले, की त्यांनी हे कशासाठी केले असेल? तिने सांगितले, की पुढच्याच वर्षी, १९२३ साली, लिव्हरपूलहून ईडिथ नाइट नावाची मुलगी रीतसर शिकून पशुवैद्य झाली. तिला कोर्टात जावे लागले नाही. मग मला उमगले. काम त्यांच्या स्वतःपुरते होते, पण तो कागद मागून येणाऱ्या मुलींसाठी होता. अलीनबाई कागदाशिवाय कितीही मोठ्या झाल्या असत्या, तरी नोंदवहीतले ते पान कोरेच राहिले असते, आणि पुढच्या मुलीला ते पुन्हा पहिल्यापासून उघडावे लागले असते.

प्रमाणपत्रानंतर अलीनबाईंच्या हातून फार दिवस काम झाले नाही. प्रकृती साथ देईना. १९२४ साली आयर्लंडमधला व्यवसाय आवरून त्या इंग्लंडला, न्यू फॉरेस्ट या रानभागातल्या प्लेटफर्ड गावी जाऊन राहिल्या. लग्न त्यांनी केले नव्हते. कुत्री पाळावी, त्यांची पैदास करावी, यात त्यांचा वेळ जाई. २९ जानेवारी १९३७ रोजी, स्नेह्यांकडे जमैका बेटावर गेलेल्या असताना, हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. आणि पाहा, मृत्युपत्रात त्यांनी पैसे ठेवले होते ते कोणासाठी? ज्या संस्थेने त्यांना पंचवीस वर्षे बाहेर उभे केले, तिलाच दिले, पशुवैद्यकीच्या संशोधनाला शिष्यवृत्ती म्हणून! मनात कडवटपणा ठेवून जगली असती, तर बाई एवढी मोठी झाली नसती.

आज इंग्लंडात पशुवैद्यांमध्ये निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. अ‍ॅथलीगजवळ कॅसलस्ट्रेंजला, जिथे त्या राहत, तिथे त्यांच्या स्मरणार्थ २००७ साली फलक लावण्यात आला. जिवंतपणी ज्या दारावर पाटी लावता आली नाही, तिथे आता नावाची पाटी आहे. आपल्या परळचे महाविद्यालय १८८६ सालचे, म्हणजे अलीनबाई शिकायला लागल्या त्याच्याही आधीचे. तिथे आज मुली मोकळेपणाने शिकतात. माझी पुतणी त्यांतली एक. गुडघाभर गमबूट घालून ती आमच्या गोठ्यात शिरली, की मला तिच्यामागे ती घागऱ्यातली बाई दिसते.

आता शेवटी थोडे स्वतःचे सांगते. भगिनींनी हसू नये. तीन वर्षांपूर्वी जनावरांच्या प्राथमिक उपचारांचे शिक्षण देणारा एक वर्ग बायकांसाठी निघाला होता. मी मोठ्या हौसेने अर्ज आणला. त्यात दहावी पास अशी अट होती. मी तो अर्ज घडी घालून धान्याच्या डब्याखाली ठेवून दिला आणि घरात कोणाला सांगितले नाही. वस्तीतली गाय अडली की मला बोलावतात, तेवढे पुरे, अशी मनाची समजूत घातली. पण समजूत घातली तरी सल गेला नव्हता. त्या रात्री पुतणीची गोष्ट ऐकून झाली आणि मी डब्याखालचा तो कागद काढून तिला दाखवला. तिने एक शब्दही न बोलता मोबाईल काढला आणि बाहेरून दहावीला बसण्याचा सतरा नंबरचा फॉर्म कसा भरायचा, ते वाचून दाखवायला लागली.

तो फॉर्म मी भरला आहे. आमच्या घरी ह्यांनी शाळेचा जुना दाखला शोधायला माझ्या माहेरच्या गावी दोन खेपा घातल्या, हेही लिहिले पाहिजे. गणित मला अवघड जाते. इंग्रजी तर त्याहून. पास होईन की नाही, ते परमेश्वराला ठाऊक. मला डॉक्टर व्हायचे नाही, ते वय आणि ते शिक्षण कुठले! पण त्या वर्गाच्या अर्जावर शिक्षणाच्या रकान्यात लिहायला मला काहीतरी हवे आहे, आणि माझ्यानंतर आपल्या वस्तीतल्या ज्या सुना गोठा सांभाळतात, त्यांना तिथे जाताना माझ्यासारखे कागद लपवायला लागू नये, एवढे वाटते.

मंडळाच्या सभागृहात दुपारी दोन तास मोकळे असतात. माझ्यासारख्या आणखी कोणी सातवी-आठवीवर थांबलेल्या भगिनी असतील, तर त्यांनी संकोच न करता यावे. आपण मिळून बसू. आपल्यातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी शिकवायचे कबूल केले आहे. चोपन्न हे काही फार वय नाही, हे आता तुम्हां सर्वांना ठाऊक झालेच आहे, आणि आपल्यातल्या पुष्कळजणी तर अजून त्याच्या अलीकडेच आहोत.

रौप्यमहोत्सवानिमित्त मंडळाला आणि सर्व भगिनींना माझे नमस्कार. लिहिण्यात चूकभूल झाली असेल, ती पदरात घ्यावी.